एकेचाळीस नंबर

पोरगं पायाचं माप देता देता विचारतं,
"आत्या, घोडे-बंदुकांची पुस्तकं वाचायची म्हटलं
तर आधी कुठली वाचू?"

नावं मला सांगता यायची नाहीत.
बाबालाल बागवानाच्या लायब्ररीत
पुस्तकांना नावं नव्हतीच.
कव्हर फाटलं की तो गुळाच्या रव्यावरचं फडकं
खळीनं चिकटवायचा
आणि वर निळ्या ऑइलपेंटनं आकडा.
पापाच्या तिकटीला, सायकलच्या दुकानावरचा माळा.
दिवसाला चार आणे,
भिजवलं तर आठ.

म्हणून आकडेच लिहून घे.

सातपासून सुरू कर.
त्यात एक माणूस गावात येतो
आणि तीनशे पानं कुणालाच मारत नाही.
विहीर उपसतो.
मी रागानं परत नेऊन दिलं,
बागवान म्हणाला, "चार दिवसांनी आठवंल."
चार दिवस लागले नाहीत.

बावीस वाचलंस तरी चालंल.
गोळ्या फार, माणसं कमी;
दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री बरं पडतं.

तेहतीसमध्ये बाई आहे.
बाकीच्यांत बायका दारात उभ्या,
पदर नसतो, तरी पदर धरल्यासारख्या.
ही स्वतः गुरं हाकत नेते.
नदी येते. अर्धी वाहून जातात.
पैलतीराला बसून ती उरलेली मोजते,
मोजून झाली की परत मोजते,
पानभर नुसती मोजणी.
तेव्हा मला कंटाळा आला होता.
पंचगंगा शुक्रवार पेठेतल्या आमच्या गोदामात शिरली त्या साली
मीही चिखलात बसून मोजत होते,
डाव्या पायाच्या एकीकडं,
उजव्या एकीकडं,
आणि जोड काही जमत नव्हते.

अप्पा वाचायचे नाहीत, ऐकायचे.
मांडीवर कातडं, हातात रापी.
नायक खोगीर चढवायला लागला की, "थांब.
तंग कुठल्या बाजूनं आवळला?"
लिहिलेलं नसायचं.
"ज्याला तंग ठाऊक नाही,
त्याचा घोडा पळणार कुठनं?"
आणि बुटांचं तर विचारूच नको:
"एवढं वाळवंट तुडवलं, टाच झिजली न्हाई?"
नव्वदातली अकरा पास झाली त्यांच्याकडं.

सगळ्यांच्या वर एकेचाळीस.
त्यात एक म्हातारा खोगीरवाला आहे,
दोनच प्रकरणांपुरता.
नायक त्याच्याकडनं तुटलेला बंद शिवून घेतो,
पैसे येताना देतो म्हणतो
आणि जातो सूड उगवायला.

अप्पांनी रापी खाली ठेवली.
"मग? दिलं का पैसं?"
मी वाचत राहिले.
बँक लुटली, शेरीफ पडला,
लग्न लागलं, डोंगराआड सूर्य गेला.
पैसे कुणी दिले नाहीत.
आमच्या उधारीच्या वहीतही
असे पुष्कळ नायक होते.

सकाळी, पुस्तक परत करायच्या आधी,
शेवटच्या कोऱ्या पानावर
त्यांनी मला शिसपेन्सिलीनं लिहायला लावलं:
*येताना खोगीरवाल्याचे सव्वादोन डॉलर देऊन गेला.*

वर्षानं एकेचाळीस पुन्हा हाती आलं.
खाली दुसऱ्याच अक्षरात, *व्याजासकट.*
त्याखाली हिरव्या शाईत,
*खोटं आहे. मी तिथंच होतो.*
त्याखाली कुणीतरी नुसता अंगठा उठवलेला,
ग्रीसचा, उद्यमनगरातला असणार.

माळ्यावर आता मोबाईलची कव्हरं विकतात.
बागवान गेला. अप्पा त्याच्या आधी.
अंगठ्याखाली बरीच जागा शिल्लक आहे,
मी काही लिहिलेलं नाही.

हो, एकेचाळीस माझ्याकडंच आहे,
त्या फळीवर, पॉलिशच्या डब्यांमागं.
परत करायचं राहिलं.
दिवसाला चार आण्यांनी किती झाले
याचा हिशेब मी करत नाही.

घेऊन जा. भिजवू नको.
आणि हे बघ,
चपलेचे पैसे येताना नको,
आत्ताच दे.